जेट-स्कीचं सिलिंडर बोअर करायचं असेल तर भंडाऱ्याचं हे दुकान, माझा अनुभव

सरळ सांगतो, पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कशाचा कापला ते खाली येईलच. आमच्याकडे गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमधे बोटिंग चालते, त्यात दोन जुन्या टू-स्ट्रोक जेट-स्की आहेत, यामाहाचं 701 सीसीचं दोन सिलिंडरवालं इंजिन, दोन कार्बोरेटर, गोव्याकडून सेकंड हँड आलेल्या. त्यातल्या एकीचं पुढचं सिलिंडर पकडलं होतं, म्हणजे पिस्टन आत घासून अडकला होता, आणि हे काम विदर्भात कोण करून देईल हाच मोठा प्रश्न होता. जेट-स्की म्हटलं की निम्मे मेकॅनिक हात वर करतात आणि उरलेले न पाहताच हो म्हणतात.

हे दुकान भंडाऱ्यात बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. नावाची पाटी नाही, शटरवर लाल रंगात फक्त 'सिलिंडर बोअरिंग, होनिंग, लाईनर' लिहिलेलं. बोअरिंग म्हणजे सिलिंडर आतून थोडं मोठं कापणं, होनिंग म्हणजे आतली भिंत दगडानं घासणं, लाईनर म्हणजे सिलिंडरच्या आतली लोखंडी नळी. आत पाहाल तर फवारणी पंपाची इंजिनं, आरएक्स 100 बाईकचे ब्लॉक, राईस मिलच्या डिझेल इंजिनाचे लाईनर, सगळं एकाच लाकडी टेबलावर. मिस्त्रीकाका आणि त्यांचा भाचा, दोघंच. जेट-स्की त्यांनी जास्त पाहिलेल्या नाहीत हे काकांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, पण टू-स्ट्रोकमधे त्यांचं आयुष्य गेलं आहे आणि पिस्टनला तो आरएक्सचा आहे का पाण्यातल्या गाडीचा हे माहीत नसते.

आता मला हे दुकान का आवडलं. ब्लॉक टेबलावर ठेवला आणि म्हटलं काका पंचवीसला (0.25 मिलिमीटर मोठं) बोअर मारून द्या, तर म्हणाले, "मारून देतो भाऊ, पण पकडलं कशानं ते आधी सांगा. नाही तर पंधरा दिवसानं तुम्ही पन्नासला घेऊन याल." बस, इथेच मला कळलं की आपण बरोबर जागी आलो. कारण याच सिलिंडरचं काम आधी एका मोठ्या शहरातल्या वर्कशॉपमधे झालं होतं, तिथे छान बिल मिळालं, फोटो मिळाले, होनिंगच्या रेघा चमकत होत्या, पण सीज कशानं झालं हे कोणी विचारलं नाही, तपासलं नाही, आणि सीझन भरात आला तसं तेच सिलिंडर परत धरलं. लाईनर काही दर वेळी नवीन मिळत नाही, 0.25 झालं, 0.50 झालं, पुढे भिंत पातळ होत जाते, म्हणजे प्रत्येक चुकीच्या बोअरला इंजिनाचं आयुष्य कमी होते.

काकांनी दोन्ही पिस्टन मागवले. मी जुने टाकून दिले नव्हते, तुम्हीही टाकू नका, जळालेला पिस्टन सगळं सांगते. त्यांनी दाराजवळच्या उजेडात दोन्ही शेजारी धरले. मागचा पिस्टन व्यवस्थित, वरचा भाग तपकिरी, रिंगा मोकळ्या. पुढच्याचा वरचा भाग पांढुरका कोरडा, आणि एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, ॲल्युमिनियम घासून रिंगेवर आलेलं, रिंग खाचेत अडकलेली. इनटेकची बाजू मात्र जवळजवळ स्वच्छ. भाच्याला शिकवत शिकवत सांगत होते म्हणून मलाही ऐकायला मिळालं. एकाच सिलिंडरमधे आणि एक्झॉस्टच्याच बाजूला ओरखडे असले की मिश्रण लीन झालं असं समजायचं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि टू-स्ट्रोकमधे तेल पेट्रोलमधेच मिसळलेलं असलं तर पेट्रोल कमी पडलं की तेलही कमी पडते आणि उष्णता वाढते, दोन्हीकडून मार. चारही कोपऱ्यांवर सारखे ओरखडे असले तर थंड इंजिन एकदम पळवलं, पिस्टन लवकर फुगला आणि बाहेरचं सिलिंडर गार पाण्यानं आवळलेलंच राहिलं. पिस्टनची कड उंदरानं कुरतडल्यासारखी दिसली तर डिटोनेशन, म्हणजे मिश्रण नीट जळण्याऐवजी आत स्फोटासारखं पेटलं. आणि दोन्ही सिलिंडर कोरडे, कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग निळं पडलेलं दिसलं तर इंजिनाला तेल पुरवणाऱ्या ऑईल पंपाकडे पाहायचं. माझा पिस्टन लीनचा होता याबद्दल त्यांना शंका नव्हती, लीन कशानं झालं एवढंच शोधायचं होतं.

ते शोधायला त्यांनी पूर्ण इंजिन आणायला लावलं. ब्लॉक आणि क्रँककेस जोडून, एक्झॉस्ट आणि इनटेकचे तोंड रबर आणि पट्टीनं बंद करून त्यांनी आत हवा भरली, आणि कशानं, तर डॉक्टरच्या जुन्या बीपी मशीनचा रबरी फुगा आणि तेच डायल. 250 मिमी पाऱ्यापर्यंत नेलं, म्हणजे पाच पीएसआयच्या जरासं आत. काटा हळूहळू खाली यायला लागला. मग ब्रशनं साबणाचं पाणी लावत गेले, कार्बोरेटरच्या गॅस्केटला काही नाही, दोन्ही केसच्या जोडाला काही नाही, आणि फ्लायव्हीलच्या बाजूच्या क्रँक सीलवर (क्रँकच्या दांड्याभोवतीच्या रबरी सीलवर) बारीक बुडबुडे यायला लागले, एकामागून एक. तिथूनच पुढचं सिलिंडर बाहेरची हवा ओढत होतं. कार्बोरेटर कितीही सेट करा, ही हवा कार्बोरेटरमधून येतच नाही तर त्यातलं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, काय करणार. इतक्या साध्या सामानानं ही टेस्ट होते आणि तरी बहुतेक ठिकाणी कोणी करत नाही याचं मला खरंच वाईट वाटते. एक क्रँक सील किती रुपयाचं, आणि त्याच्यापायी पिस्टन, रिंग, बोअर, हेड गॅस्केट आणि भर उन्हाळ्यातला धंदा जातो.

सील बदलल्यावर परत तीच टेस्ट, काटा जागचा हलला नाही. तेव्हाच बोअरचं नाव काढलं.

बोअरच्या आधी आणखी एक गोष्ट केली ती सांगण्यासारखी आहे. लाईनर लोखंडी आहे आणि त्याच्यावर पिस्टनचं ॲल्युमिनियम चिकटलेलं होतं. संडास साफ करायचं ॲसिड कापसाच्या बोळ्यानं फक्त त्या डागांवर लावलं, फेस येऊन ॲल्युमिनियम सुटत गेलं, लोखंडाला विशेष काही होत नाही. हातमोजे घालून आणि दार उघडं ठेवून करायचं काम आहे, आणि नंतर लगेच पाण्यानं धुवून तेलाचा हात, नाही तर गंज धरते. साफ झाल्यावर नख फिरवून पाहिलं. कधी कधी खाली लाईनर शाबूत निघते आणि नुसत्या होनिंगवर भागते, एक साईज वाचतो. माझ्या नशिबी नख अडकलं, म्हणून बोअर. पण जो माणूस आधी वाचवायचा प्रयत्न करते त्याच्यावर विश्वास बसते. ज्यांच्या गाडीत लोखंडी लाईनरऐवजी निकासिलचा (निकेलच्या कडक प्लेटिंगचा) थर आहे त्यांनी मात्र इथे येऊ नका, तो थर बोअर होत नाही, परत प्लेटिंगच करावं लागते, काकाही घेत नाहीत.

पिस्टन हातात असल्याशिवाय कटर लावत नाहीत. पिस्टन आपल्यालाच मागवावा लागते, ऑनलाईन, बाहेरून येते, वेळ लागते, आणि तोपर्यंत ब्लॉक तसाच पडून राहते, त्याला इलाज नाही. पिस्टन आला की त्याचा स्कर्ट (रिंगांच्या खालचा भाग) मायक्रोमीटरनं मोजतात आणि त्या पिस्टनच्या मापाला सिलिंडर कापतात, डब्यावर काय छापलं त्याच्या मापाला नाही. फोर्ज्ड (ठोकून घडवलेला) पिस्टन गरम झाल्यावर जास्त फुगते म्हणून त्याला गॅप जास्त द्यावा लागते, कास्टला (ओतीवला) कमी, त्यामुळे पिस्टनसोबत आलेला कागद फेकू नका, काकांनी तोच मागितला होता आणि त्यातला आकडा खडूनं ब्लॉकवर लिहून ठेवला. बोअर गेज वर, मधे, खाली आणि दोन दिशांनी फिरवून पाहिलं. मग पोर्टच्या कडा. टू-स्ट्रोकच्या भिंतीत खिडक्या असतात, बोअर केल्यावर त्यांच्या कडा ब्लेडसारख्या होतात, रिंग तिथे अडकली की तुटते आणि सगळं काम वाया. भाचा छोट्या दगडानं प्रत्येक पोर्टची कड मारत बसला होता, त्याला घाई नव्हती. ते पाहून मला फार बरं वाटलं. आधीच्या वर्कशॉपच्या कामात या कडांना हातच लागला नव्हता, काकांनी बोट फिरवायला लावलं तेव्हा कळलं.

शेवटी धुणं. होनिंगची बारीक पावडर रॉकेलनं निघत नाही, गरम पाणी आणि कपडे धुवायची पावडर घेऊन ब्रशनं घासायचं, आणि पांढरा फडका तेलात बुडवून आत फिरवायचा, फडका काळा यायचा थांबेपर्यंत. रिंग सिलिंडरमधे टाकून पिस्टननंच सरळ ढकलून फिलर गेजनं टोकाचा गॅप पाहिला. हे सगळं माझ्यासमोर झालं, काही लपवाछपवी नाही.

आता तेल-पेट्रोलबद्दल, कारण दुकानातून निघताना काकांनी आणि नंतर गाडी चालवताना मी जे पाहिलं ते दोन्ही सांगतो. या इंजिनाला टीसी-डब्ल्यू 3 ग्रेडचं तेल लागते, पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनांसाठी बनलेलं. बाईकचं किंवा फवारणी पंपाचं टू-टी ऑईल हवेवर थंड होणाऱ्या गरम इंजिनाचं आहे, त्यानं इथे राख आणि कार्बन साचते, रिंगा चिकटतात, प्लग मरतात. पण सगळ्याच गाड्यांना टीसी-डब्ल्यू 3 असंही नाही, सी-डू या दुसऱ्या कंपनीच्या जेट-स्कीच्या ज्या इंजिनांमधे एक्झॉस्टला रेव्ह नावाचे व्हॉल्व्ह असतात त्यांना कंपनी एपीआय टीसी या दुसऱ्या ग्रेडचं तेल सांगते, म्हणून आपल्या गाडीचं मॅन्युअल पाहूनच घ्या. पेट्रोलमधे तेल हातानं मिसळायचं असेल तर प्रमाण 50 ला 1, म्हणजे 5 लिटर पेट्रोलला 100 मिली. आणि जास्त तेल म्हणजे जास्त सेफ हा समज डोक्यातून काढा. जेटमधून जेवढं जायचं तेवढंच जाते, त्यात तेलाची जागा वाढली की पेट्रोलची जागा कमी होते, म्हणजे मिश्रण उलट लीन होते. नवीन बोअरवर पहिल्या टाकीत ऑईल पंप चालू ठेवूनच वरून 50 ला 1 मिसळायला सांगितलं होतं, त्या टाकीपुरतंच, आणि ती टाकी संपेपर्यंत पूर्ण थ्रॉटल नाही, वेग सारखा कमी-जास्त करत राहायचं.

पेट्रोलचं मोठं लफडं आहे. 2025 पासून पंपावर सगळीकडे ई 20 मिळून राहिलं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. इथेनॉलमधे मुळातच ऑक्सिजन असते, त्यामुळे त्याच जेटवर गाडी आधीपेक्षा लीन चालते, वरून जुन्या गाडीचे रबरी पाईप नरम पडतात, त्यांचा भुगा कार्बोरेटरच्या आतल्या बारीक जाळीत जाऊन बसते आणि पेट्रोल आणखी कमी होते. इथेनॉल पाणीही ओढते, आणि पाण्यातल्या गाडीच्या टाकीत पाणी जायला वेळ लागत नाही. पावसाळ्यात बोटिंग बंद असते तेव्हा टाकीत पेट्रोल तसंच राहिलं तर पाणी आणि इथेनॉल खाली बसते, पाईप नेमका खालूनच ओढते, आणि दिवाळीला पहिल्याच स्टार्टला इंजिन ते पिते ज्यात मिसळलेलं तेल जवळजवळ नाही. म्हणून टाकी रिकामी करूनच गाडी ठेवायची, प्लग काढून दोन्ही सिलिंडरमधे थोडं हेच टीसी-डब्ल्यू 3 तेल सोडून इंजिन हातानं फिरवून ठेवायचं. काकांनी सगळे पाईप बदलायला सांगितले आणि जेट एक नंबर वाढवून प्लगचा रंग पाहत राहा म्हणाले, ते केलं, आता प्लग तपकिरी येऊन राहिले.

आपल्या विदर्भाच्या हवेचा एक मुद्दा मला कोणत्याच व्हिडिओत सापडला नाही. सगळ्यांना वाटते मे महिन्याच्या 45 डिग्रीत इंजिन पकडते. खरा धोका डिसेंबरच्या सकाळी आहे. 45 डिग्रीच्या हवेपेक्षा 10 डिग्रीची हवा साधारण 12 टक्के जड असते, म्हणजे मे महिन्यात बरोबर सेट केलेली गाडी थंडीत आपोआप लीन होते. त्यात नदीचं पाणी गार, इंजिन गार, आणि सुट्टीत नागपूरहून आलेली पोरं बसल्याबरोबर थ्रॉटल दाबतात. आमच्या इथे आता नियम आहे, थंडीत पहिले पाच मिनिटं आमचाच माणूस काठाकाठानं हळू चालवून गाडी गरम करते, मगच गिऱ्हाईक. पाहुण्यांना ते आवडत नाही, पण गाडीला आवडते आणि मला गाडीचं पाहावं लागते.

पाण्याबद्दलही थोडं. नागपूरच्या नाग नदीचं सांडपाणी कन्हानमधून इथवर येते आणि जलपर्णीनं बॅकवॉटरचे कोपरेच्या कोपरे भरून जातात. या इंजिनाला रेडिएटर नाही, जेट पंपच त्याच पाण्याला ढकलून इंजिनात पाठवते, त्यामुळे जाळीत जलपर्णीची मुळं अडकली की एकीकडे गाडी पळत नाही म्हणून माणूस थ्रॉटल अजून दाबते आणि दुसरीकडे थंड करणारं पाणीच कमी झालेलं असते. बाजूच्या भोकातून पाण्याची धार पडते का हे चालवणाऱ्यानं सतत पाहायला पाहिजे, धार बारीक झाली की लगेच बंद. आमच्याकडचे ढिवर (मासेमार) भाऊ डोंग्यातून येता-जाता कोणत्या बाजूला जलपर्णी सरकली ते सांगतात, त्यांचं ऐकल्याशिवाय आम्ही सकाळी गाडी सोडत नाही. संध्याकाळी पाईप लावून आतून धुताना क्रम लक्षात ठेवा, आधी इंजिन चालू मग पाणी चालू, बंद करताना आधी पाणी बंद मग इंजिन बंद. उलट केलं तर पाणी एक्झॉस्टमधून मागे सिलिंडरमधे जाते. आणि पाण्याशिवाय पंधरा सेकंदाच्या वर चालवायची नाही, ट्रेलरवर आवाज ऐकायला रेस करणारे आमच्याकडे बरेच येतात, त्यांना हात लावू देत नाही.

परत दुकानाकडे. तक्रारी आहेत. एक तर फोन उचलत नाहीत, प्रत्यक्षच जावं लागते, आणि आमच्यापासून ते काही जवळ नाही. धानावर तुडतुडा आला की फवारणी पंपवाल्यांची रांग लागते आणि आपलं काम मागे जाते, याला मी तक्रार म्हणत नाही, शेतकऱ्याचं काम आधी व्हायलाच पाहिजे, पण तारीख सांगतात ती पाळत नाहीत आणि तसं कळवतही नाहीत, अर्धा स्टार त्याचा. पक्कं बिल मागितलं तर साध्या कागदावर लिहून देतात, ज्यांना हिशोबाला बिल लागते त्यांनी आधी बोलून घ्या. पैसे मात्र रास्त घेतले, शहरातल्या त्या वर्कशॉपपेक्षा बरेच कमी, आणि सील बदलायची मजुरी वेगळी लावली नाही.

काम झाल्यापासून एक पूर्ण उन्हाळा आणि एक हिवाळा गाडी रोज पाण्यात आहे. कॉम्प्रेशन दोन्ही सिलिंडरचं जवळजवळ सारखं येते, मी थ्रॉटल पूर्ण उघडून मोजत राहतो, दोघांत दहा टक्क्यांहून जास्त फरक दिसला की गाडी थांबवायची आणि आधी सील तपासायचं असं ठरवलं आहे. दुसऱ्या गाडीला काही झालेलं नाही तरी तीसुद्धा या पावसाळ्यात बीपी मशीनच्या टेस्टला नेणार आहे, काका हो म्हणाले.

जाणार असाल तर ब्लॉकसोबत जुना पिस्टन, दोन्ही प्लग (कोणता कोणत्या सिलिंडरचा ते चिठ्ठी लावून), पिस्टनचा कागद आणि जमलं तर पूर्ण इंजिनच न्या. प्लग पुसून चकाचक करून नेऊ नका, त्याचा रंगच पाहायचा असते. सकाळी दहाच्या आसपास गेलात तर काका निवांत बोलतात, दुपारनंतर गर्दी. पोळा आणि तान्हा पोळा दोन्ही दिवस बंद.